‘सोल्ड आउट’ आणि आपला नंबर



मागच्या अंकातल्या ‘ब्लॉक हीटर’वरच्या लेखाबद्दल बऱ्याच जणांनी फोन करून कळवलं, त्याबद्दल आभार. या वेळचा विषय मात्र मी निवडलेला नाही, तो मला चिकटवण्यात आला आहे. कोजागिरीच्या कार्यक्रमात मसाला दूध पिता पिता एका कोपऱ्यात वाद रंगला होता. विषय होता नवा फोन. बाजारात आला त्याच दिवशी संपला, आता सहा आठवडे थांबा म्हणतात, पोरगा घरात तोंड फुगवून बसलाय, वगैरे. एका बाजूचं म्हणणं, “हा सगळा कंपन्यांचा डाव. मुद्दाम थोडा माल बाजारात आणायचा आणि लोकांना झुलवायचं.” दुसऱ्या बाजूचं म्हणणं, “लोकांनाच पैसा जड झालाय, कंपन्या काय करणार?” मग एका वहिनींनी माझ्याकडे बोट दाखवलं. “तुम्ही इंजिनियर ना? तुम्हीच सांगा, एवढ्या मोठ्या कंपन्यांना पुरेसे फोन करता येत नाहीत म्हणजे काय?”

प्रश्न रास्त आहे. चहाच्या कपाएवढी वस्तू वर्षाला कोट्यवधींच्या संख्येने करणाऱ्या कंपन्या, आणि पहिल्याच दिवशी ‘सोल्ड आउट’ची पाटी! आपल्याकडे, विशेषतः पुण्याकडे, दुकानदाराने ‘संपलं’ म्हटलं की गिऱ्हाइकानेच अपराध्यासारखं खाली मान घालून निघायचं अशी प्रथा होती. पण तिथे निदान दुकानदाराचा चेहरा तरी दिसत असे. कॉम्प्युटरच्या पडद्यावरच्या ‘सोल्ड आउट’ला चेहरा नसतो, म्हणून राग काढायचा तो बायकोवर, नवऱ्यावर नाहीतर इंटरनेटवर.

तर आता थोडा इतिहास. तो आपल्या सगळ्यांच्या समोरच घडलेला आहे.

ॲपलचा पहिला आयफोन जून २००७ मध्ये अमेरिकेत आला. कॅनडात तो कधी विक्रीला आलाच नाही. आपल्याकडे आला तो दुसरा, ‘थ्री-जी’, शुक्रवार ११ जुलै २००८ रोजी. त्या दिवशी एकूण एकवीस देशांत तो विकायला ठेवला गेला आणि पहिल्या तीन दिवसांत जगभरात दहा लाख फोन गेले. कॅनडात त्या जातीच्या नेटवर्कवर चालणाऱ्या कंपन्या म्हणजे रॉजर्स आणि तिच्याच घरातली फायडो, म्हणून फोन फक्त त्यांच्याकडे. १९९ डॉलरला फोन, पण तीन वर्षांचा करार. रांगा लागल्या, कित्येक दुकानांत माल पहिल्याच दिवशी संपला, आणि ज्यांना मिळाला त्यांचे फोन जगभरच्या गर्दीमुळे तासन् तास चालूच होईनात!

पण त्या वर्षीची खरी गंमत रांगेच्या आधी घडली. महिन्याचे दर जाहीर झाले तेव्हा लोक इतके चिडले की इंटरनेटवर निषेधाचा अर्ज फिरला आणि त्यावर पन्नास हजारांहून जास्त सह्या झाल्या. विक्रीच्या दोनच दिवस आधी कंपनीने महिना तीस डॉलरमध्ये सहा गिगाबाइट डेटा देण्याची मर्यादित काळाची योजना काढली. ही गोष्ट लक्षात ठेवा, तिच्याकडे शेवटी यायचं आहे.

आपल्या लोकांची अडचण मात्र आणखी वेगळी होती. भारतात तोच फोन २२ ऑगस्ट २००८ ला आला, किंमत ३१,००० रुपये! इथे १९९ डॉलर, म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने आठ हजार रुपयांच्या आसपास. झालं! ज्याला त्याला देशातून फोन: “येताना एक घेऊन ये की रे!” आता त्यांना कसं समजावणार, की हा फोन स्वस्त दिसतो तो तीन वर्षांच्या कराराच्या जोरावर, आणि शिवाय तो इथल्या कंपनीच्या सिम-कार्डालाच बांधलेला आहे. सांगलीत नेला तर त्याचा उपयोग पेपरवेट म्हणून. पण तिकडे पसरतं ते असं, की “कॅनडात गेला आणि विसरला.” हे वाक्य ऐकलं नसेल असं घर आपल्या मंडळात विरळा!

हे एवढ्यासाठी सांगितलं, की २०१२ साली जे घडलं ते आपल्या लोकांना इतकं का लागलं ते कळावं. गूगलने २९ ऑक्टोबर २०१२ रोजी ‘नेक्सस ४’ नावाचा फोन जाहीर केला. न्यूयॉर्कमध्ये समारंभ व्हायचा होता, पण सॅंडी वादळामुळे तो रद्द झाला आणि घोषणा इंटरनेटवरच झाली. फोन बनवला होता कोरियाच्या एलजी कंपनीने. त्याचं वैशिष्ट्य पडद्यात नव्हतं की कॅमेऱ्यातही नव्हतं. किंमत कॅनडात ३०९ डॉलर, जास्त मेमरीवाला ३५९ डॉलर, आणि करार नाही, कुलूप नाही! त्याच सुमारास कुलूप नसलेला आयफोन ५ घ्यायचा तर ६९९ डॉलर पडत होते. म्हणजे निम्म्या किमतीत असा फोन, की जो इथे इथल्या सिमवर चालेल आणि आई-बाबांना नेऊन दिला तर तिथे तिथल्या सिमवर. नाताळच्या सुट्टीत देशात जाणाऱ्या प्रत्येक मराठी घराला हा फोन आपल्यासाठीच बनवलाय असं वाटलं तर नवल नाही.

विक्रीचा दिवस होता मंगळवार, १३ नोव्हेंबर २०१२. आणि मंडळी, त्या दिवशी लक्ष्मीपूजन होतं! घरोघरी लक्ष्मीची पूजा, आणि कॉम्प्युटरवर लक्ष्मी द्यायला उत्सुक असलेले भक्त. पण घेणाराच जागेवर नाही. ब्रिटनमध्ये अर्ध्या तासाच्या आत सगळे फोन संपले. अमेरिकेत आणि कॅनडातही तीच कथा. कित्येकांनी फोन ‘कार्ट’मध्ये टाकला, पत्ता भरला, क्रेडिट कार्डाचा नंबर भरला, आणि शेवटचं बटण दाबताच उत्तर आलं की माल संपला. काहींची ऑर्डर घेतली गेली आणि मग पत्र आलं की तीन आठवडे लागतील. डिसेंबरमध्ये गूगलच्या ब्रिटनमधल्या प्रमुखांनी जाहीर माफी मागितली. त्यांनी कबूल केलं की पुरवठा अपुरा आणि अनियमित होता आणि गिऱ्हाइकांना माहितीही नीट दिली गेली नाही.

आता वहिनींच्या प्रश्नाकडे येऊ. हे होतं का? माझ्या मते कारणं तीन आहेत, आणि चौथं आहे ते कधी कधी.

पहिलं कारण म्हणजे अंदाज. किती फोन बनवायचे हे विक्रीच्या कितीतरी महिने आधी ठरवावं लागतं, कारण पडदे, चिप्स, कॅमेरे यांच्या ऑर्डरी तेव्हाच द्याव्या लागतात. जानेवारी २०१३ मध्ये एलजीच्या फ्रान्समधल्या एका अधिकाऱ्याने सांगितलं, की गूगलने अंदाज बांधला तो आधीच्या नेक्सस फोनांच्या विक्रीवरून, आणि ब्रिटन-जर्मनीत मागणी निघाली त्याच्या दहापट! आधीचे फोन महाग होते, हा निम्म्या किमतीचा. लग्नाला शंभर पानं गृहीत धरून स्वयंपाक केला आणि दारात हजार माणसं उभी राहिली, तर आचाऱ्याला दोष देऊन काय उपयोग? दोष यादी करणाऱ्याचा.

दुसरं कारण कारखान्यातलं. नवी वस्तू करायला घेतली की पहिल्या दिवसापासून पूर्ण वेगाने निघत नाही. सुरुवातीला सदोष माल जास्त निघतो, हात बसायला आठवडे लागतात, एखादा सुटा भाग अडला तर सगळी लाइन अडते. शिवाय सगळा माल एका ठिकाणाहून येत असेल तर तिथली शिंक जगाला पडशासारखी लागते. नोव्हेंबर २०२२ मध्ये चीनमधल्या झेंगझौ शहरात कोविडच्या निर्बंधांमुळे आयफोन जोडणारा प्रचंड कारखाना रखडला, कामगार सामान पाठीवर टाकून पायी गावाकडे निघाले, आणि ॲपलला जाहीर करावं लागलं की आयफोन १४ प्रो मिळायला वेळ लागेल. तेव्हा कुणी मुद्दाम माल दाबून ठेवला नव्हता. आपल्या ख्रिसमसची भेट कुणाच्या किती कष्टावर उभी असते, हे त्या वर्षी थोडं तरी दिसलं.

तिसरं कारण मला इंजिनियर म्हणून सर्वांत महत्त्वाचं वाटतं. सगळ्यांनी एकाच क्षणी येणं! हा प्रश्न टेलिफोनवाल्यांनी शंभर वर्षांपूर्वी सोडवलेला आहे. आपल्या एडमंटनमध्ये पहिलं टेलिफोन संभाषण झालं ३ जानेवारी १८८५ ला, इथून सेंट आल्बर्टशी. तेव्हा बोलणारे दोनच, त्यामुळे रांगेचा प्रश्न नव्हता! पण गावं वाढली, टेलिफोन वाढले, आणि प्रश्न पडला की हजार गिऱ्हाइकांसाठी तारा किती टाकायच्या? हजार टाकल्या तर दिवाळं निघेल, दहा टाकल्या तर कुणालाच लाइन मिळणार नाही. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या एर्लांग नावाच्या गणितज्ञाने १९०९ पासून यावर लिहायला सुरुवात केली आणि आकडेमोडच मांडून दिली. सारांश असा, की गिऱ्हाइकं एकूण किती यापेक्षा ती एका वेळी किती येतात यावर सगळं अवलंबून असतं. आजही टेलिफोनची वाहतूक मोजायच्या एककाला ‘एर्लांग’ म्हणतात. महिन्याभरात सुखाने विकला गेला असता असा माल सकाळी ठरलेल्या ठोक्याला विकायला काढला, की रांग आणि रडारड ही गणितानेच ठरलेली असते.

त्यात इंटरनेटच्या दुकानाची आणखी एक खोड. साडीच्या दुकानात तुम्ही साडी हातात धरलीत की दुसऱ्या बाईला ती तुमच्या हातातून ओढता येत नाही (प्रयत्न होतात, तो भाग वेगळा). कॉम्प्युटरच्या दुकानात बहुतेक वेळा तसं नसतं. तुम्ही ‘कार्ट’मध्ये वस्तू टाकता तेव्हा ती फक्त शिल्लक आहे की नाही एवढंच बघितलं जातं. ती तुमच्या नावाने बाजूला काढली जात नाही, पैसे भरेपर्यंत ती सगळ्यांचीच असते. शंभर फोन आणि दहा हजार माणसं असतील, तर दहाही हजारांना ‘आहे, आहे’ असं दिसतं आणि नऊ हजार नऊशे जणांच्या तोंडचा घास शेवटच्या बटणाला निघून जातो. वस्तू टोपलीत पडताच दहा मिनिटं राखून ठेवायची, हे करणं अवघड नाही. सिनेमाच्या तिकिटांना करतातच की! मग जिथे करत नाहीत, तिथे गिऱ्हाइकाच्या मनस्तापाची किंमत कुणाच्या हिशेबात धरलेली नाही, एवढाच अर्थ होतो.

आणि आता ते चौथं, ‘डाव’ म्हणतात ते. तोही असतो. भारतात २०१४ साली चीनच्या शाओमी कंपनीने फ्लिपकार्टवर फोन विकले. आधी नाव नोंदवायचं, मग ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी झडप घालायची. २२ जुलैला एमआय-३ पहिल्यांदा विकायला आला आणि साधारण चाळीस मिनिटांत संपला. पुढच्या आठवड्यात पाच सेकंदांत, त्याच्या पुढच्या आठवड्यात पंधरा हजार फोन दोन सेकंदांत! सप्टेंबरमध्ये रेडमीचे चाळीस हजार फोन ४.२ सेकंदांत गेले. सेकंदांचा हा हिशेब वर्तमानपत्रांत छापून येत होता आणि जाहिरातीला एक पैसा लागत नव्हता. थोडा थोडा माल आणण्यात कंपनीचा पैसा अडकत नाही, आणि दिवस जातील तसे सुटे भाग स्वस्त होत जातात, हे धंद्याच्या दृष्टीने चोखच. पण सांगलीत-सोलापुरात धीम्या इंटरनेटवर बसलेल्या पोराने दोन सेकंदांत काय करायचं? त्याच्या आधी कॉम्प्युटरच बटण दाबणारे ‘बॉट’ नावाचे कार्यक्रम पोचलेले असू शकतात. मग तोच फोन दुसऱ्या दिवशी जास्त किमतीला! आपल्याकडे जुना शब्द आहे याला, ‘ऑन’ देऊन घेणं.

‘ऑन’ म्हटलं की माझ्या पिढीला स्कूटर आठवते. आकुर्डीची बजाज चेतक १९७२ साली आली आणि पुढे तिच्यासाठी दहा-दहा वर्षं थांबायची पाळी लोकांवर येत असे. मुलगी झाली की स्कूटर नोंदवायची, म्हणजे लग्नापर्यंत नंबर लागतो, असा विनोद प्रचलित होता. कारण काय? सरकारी परवान्यात जेवढी संख्या लिहिली आहे, तिच्यापेक्षा भरमसाठ जास्त गाड्या बनवणं हा गुन्हा होता. जास्त माल काढला म्हणून शिक्षा! लोकांना लागणारी वस्तू जास्त बनवल्याबद्दल तुरुंगात जायला माझी तयारी आहे, असं राहुल बजाज सांगत असत. टेलिफोनचंही तेच. १९९१ च्या सुमारास अख्ख्या देशात पन्नास लाखांच्या आसपास टेलिफोन आणि वीस लाखांच्या आसपास माणसं प्रतीक्षा यादीवर.

आमच्या घरीही टेलिफोनचा अर्ज होता. बाबांनी त्याची पावती देवाच्या फोटोमागे ठेवली होती आणि तिच्यावर नंबर होता. वर्षातून एकदा बाबा ऑफिसात जाऊन विचारून येत आणि रात्री जेवताना सांगत, “यंदा चारशेने पुढे सरकलो.” आम्ही भावंडं टाळ्या वाजवायचो! टेलिफोन नव्हता, पण आपण कुठे उभे आहोत हे माहीत होतं. रेल्वेचंही तसंच आहे बघा. ‘वेटिंग लिस्ट सत्तावीस’ असं तिकिटावर छापून मिळतं, मग आर.ए.सी., मग बर्थ. गाडी सुटेपर्यंत माणूस चार्ट बघत बसतो, वैतागतो, पण त्याला आपला नंबर ठाऊक असतो. ‘सोल्ड आउट’च्या पाटीवर नंबर नसतो. उद्या येईल की महिन्याने, माझ्या आधी शंभर जण आहेत की लाख, काही कळत नाही. माझं मत असं, की माणसाला चीड येते ती वस्तू नाही म्हणून कमी, आणि आपली रांगेतली जागाच कुणी मोजली नाही म्हणून जास्त.

पण म्हणून जुने दिवस चांगले होते असं म्हणायला मी तयार नाही. त्या रांगेत वशिला होता, कोटा होता, आणि मंडळी, त्या रांगेत आपणही होतो! परदेशातल्या नातेवाइकाने डॉलरमध्ये पैसे भरले की स्कूटर वर्षानुवर्षं न थांबता मिळायची सोय होती. चाळीतल्या कारकुनाचा नंबर नऊ वर्षांनी लागणार, आणि ज्याचा भाऊ शिकागोला, त्याच्या दारात चार महिन्यांत गाडी. देशाला परकीय चलन हवं होतं, हे खरं. पण रांग मोडून पुढे जाणाऱ्यांत आपल्यासारख्यांची घरं होती, हेही तितकंच खरं. आज बॉट लावून फोन पळवणाऱ्यांना नावं ठेवताना हे आठवलेलं बरं. ज्याच्या हातात साधन, त्याची रांग नेहमीच आखूड असते. पूर्वी साधन डॉलरचं होतं, आता वेगवान इंटरनेटचं आणि प्रोग्रॅमचं.

गंमत म्हणजे तीच चेतक २०२० मध्ये विजेवर चालणारी होऊन परत आली. १३ एप्रिल २०२१ ला, गुढीपाडव्याच्या दिवशी, पुण्यात आणि बंगळूरला तिची नोंदणी पुन्हा उघडली, आणि अठ्ठेचाळीस तासांत बंद करावी लागली! परवाना-राज गेलं, दहा वर्षांची रांग दोन दिवसांवर आली, पण पाटी तीच.

आणि सप्टेंबर २०२५ मध्ये आयफोन १७ विक्रीला आला, तेव्हा मुंबईत बांद्रा-कुर्ला कॉम्प्लेक्समधल्या दुकानाबाहेर रात्रीपासून रांग लावलेल्या लोकांत चक्क धक्काबुक्की झाली. टी.व्ही.वर ते बघून इथली आमची मुलं हसली. मी नाही हसलो. रांगेत उभं राहूनही आपला नंबर लागेल याची खात्री नसणं काय असतं, ते त्यांना ठाऊक नाही, आणि ते बरंच आहे.

मग करायचं काय? चांगल्या रांगेचं उदाहरण आहे. जुलै २०२१ मध्ये व्हॉल्व्ह नावाच्या कंपनीने ‘स्टीम डेक’ हा हातात धरून खेळायचा कॉम्प्युटर जाहीर केला. त्यांनी विक्रीऐवजी आधी नोंदणी घेतली. पाच डॉलर भरा, एका माणसाला एकच, आणि पहिल्या दोन दिवसांत नोंदणी फक्त त्यांची, ज्यांचं खातं जुनं आणि वापरातलं आहे. म्हणजे रातोरात हजार खोटी खाती काढणाऱ्यांना दार बंद. आणि तुमची पाळी साधारण कोणत्या तिमाहीत येईल, हे सांगितलं जाई. माल कमीच होता, थांबावं लागलंच, पण पावती देवाच्या फोटोमागे ठेवता येईल अशी होती! हे एका कंपनीला जमतं तर बाकीच्यांना का जमू नये?

माझा स्वतःचा अनुभवही एक सांगतो. काही वर्षांपूर्वी आईसाठी असाच एक गाजलेला फोन घ्यायचा माझ्या मनात होतं (कंपनी कुठली ते जाऊ द्या). तीन वेळा प्रयत्न केला, तीनही वेळा पाटी. किजिजीवर दीडपट भावाने मिळत होता, पण ‘ऑन’ द्यायला मन घेईना. सुट्टीला निघायच्या आधी सांगलीला फोन करून सांगितलं, “आई, तो फोन काही मिळाला नाही गं. पुढच्या खेपेला नक्की आणतो.”

आई म्हणाली, “नाही तर नाही. गणपती पेठेत फोन मिळत नाहीत का? बाबा जाऊन घेऊन येतील. मी काय तुझ्या त्या फोनची वाट बघत होते होय रे? मी रविवारची बघत असते. तू कधी आठला करतोस, कधी अकराला, कधी करतच नाहीस. वेळ तेवढी ठरव.”

बाबांनी गणपती पेठेतून एक साधासा फोन आणला. तेव्हापासून रविवारी सकाळी आठ, म्हणजे सांगलीत हिवाळ्यात रात्रीचे साडेआठ आणि उन्हाळ्यात साडेसात, ही वेळ आमच्याकडे पक्की आहे. आईला तिचा नंबर कळला, एवढंच हवं होतं तिला.

आता थोडं कामाचं. देशात न्यायला इथून फोन घेणार असाल तर तीन गोष्टी ध्यानात ठेवा.

एक, कुलपाची भीती गेली. १ डिसेंबर २०१७ पासून कॅनडात फोन कुलूप न लावताच विकावा लागतो आणि जुन्या फोनचं कुलूप काढायला पैसे घेता येत नाहीत. त्याआधी, डिसेंबर २०१३ पासून लागू झालेल्या नियमांनी तीन वर्षांच्या कराराचा जाचही संपवला, दोन वर्षांनंतर दंड न भरता बाहेर पडता येतं. हे आपोआप झालं नाही. २००८ च्या त्या सह्या आठवा. लोकांनी सी.आर.टी.सी.ला लिहिलं, तक्रारी केल्या, तेव्हा झालं. आजही फोन कंपनीशी करारावरून किंवा बिलावरून भांडण झालं आणि ती दाद देईना, तर सी.सी.टी.एस. या संस्थेकडे तक्रार करता येते, आणि गिऱ्हाइकाला त्यासाठी पैसे पडत नाहीत. आपली माणसं घरात खूप चिडतात पण अर्ज लिहायचा कंटाळा करतात. तो करू नये.

दोन, आयफोन १७ची कॅनडात विकली जाणारी आवृत्ती फक्त ‘ई-सिम’वर चालते, तिच्यात सिम-कार्ड घालायला खाचच नाही! भारतातल्या मोठ्या कंपन्या ई-सिम देतात, पण आई-बाबांचं कार्ड आधी त्यात बदलून घ्यावं लागेल. हे तिथे पोचल्यावर कळण्यापेक्षा निघण्याआधी कळलेलं बरं. तिकडे ॲपलची स्वतःची दुकानंही झाली आहेत, मुंबईत २०२३ पासून आणि पुण्यात कोरेगाव पार्कला सप्टेंबर २०२५ पासून. तेव्हा इथूनच न्यायला हवा असं आता राहिलेलं नाही.

तीन, ‘सोल्ड आउट’ झालेला फोन अनोळखी माणसाकडून घाईने घेऊ नका. फोनचा आय.एम.ई.आय. नंबर आधी मागून घ्या आणि चोरीच्या फोनांच्या यादीत तपासा. कॅनडात ही यादी सप्टेंबर २०१३ पासून आहे. नंबर द्यायला जो टाळाटाळ करेल, त्याच्याकडचा फोन स्वस्त असला तरी नको.

राहता राहिला तोंड फुगवून बसलेला पोरगा. त्याला हा लेख वाचून दाखवा असं मी सुचवणार नाही, त्याने तो आणखी फुगेल! पण सहा आठवडे म्हणजे साधारण दीड महिना, आणि त्याच्या आजोबांनी टेलिफोनसाठी किती वर्षं काढली, हे आजोबांनाच विचारायला सांगा. त्या निमित्ताने आजोबांना एक फोन तर होईल.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी स्कूटरच्या, गॅसच्या किंवा टेलिफोनच्या नोंदणीची जुनी पावती जपून ठेवलेली असेल, तर जरूर कळवा. संक्रांतीच्या कार्यक्रमात त्यांचं एक छोटंसं टेबल मांडावं असा विचार आहे. पुढच्या अंकात फर्नेसचा फिल्टर, आणि तो बदलण्यावरून घरोघरी होणारी भांडणं!